पॅक कर रे गाढवा!

चूक माझीच. शनिवारची रात्र, मेव्हणे आलेले, मटण झालेलं, अशा वेळी गपचूप एखादा जुना हिंदी पिक्चर लावून सोफ्यावर पेंगायचं असतं. पण मला खाज. म्हटलं आज तुम्हाला माझा ऑल टाइम फेव्हरिट दाखवतो, 'लॉक, स्टॉक अँड टू स्मोकिंग बॅरल्स', १९९८ चा, लंडनचे भुरटे गँगस्टर, हसून हसून लोळाल. आता 'लोळाल' म्हटलं की समोरचा माणूस ताठ बसतो, हे मला कॉलेजपासून कळत नाहीये.

सुरुवातीलाच नाव आलं, गाय रिची. आई म्हणाली, "गाय?" डायरेक्टर आहे म्हटलं. "बाई आहे का?" नाही, बुवा. "मग गाय कसं?" इथे दोन मिनिटं गेली.

मग भाषा. लंडनच्या ईस्ट एंडचं इंग्रजी म्हणजे निम्मे शब्द गिळायचे आणि उरलेल्यात शिव्या. बाबांना कळेना म्हणून सबटायटल लावले, आणि तिथेच फसलो, कारण बाबांनी सदतीस वर्षं सरकारी फायली वाचल्यात, समोर अक्षर दिसलं की ते मोठ्याने वाचतात. मी रिमोटवर अंगठा ठेवून शिवी आली की आवाज बारीक करतोय आणि इकडे बाबा तीच शिवी, प्रत्येक अक्षर सुटं सुटं, तार वाचून दाखवावी तशी वाचतायत. "अहो, काय बोलताय!" आई. "मी कुठे बोलतोय, लिहिलंय ते वाचतोय."

पबमधला एक माणूस सगळा किस्सा कॉकनी ऱ्हाइमिंग स्लँगमध्ये सांगतो, तिथे तर पिक्चरवाल्यांनीच खाली अर्थ दिलाय. बाबा खूश. "बघ, त्यांचं त्यांनाही कळत नाही." मी पिक्चर पॉज करून (हा गुन्हा मी दर दहा मिनिटांनी करत होतो) समजावलं की यमक जुळवून बोलायचं, जिन्याला 'ॲपल्स अँड पेअर्स', फोनला 'डॉग अँड बोन'. इथे थांबायला हवं होतं. पण बायकोला काय म्हणतात तेही सांगितलं, 'ट्रबल अँड स्ट्राइफ', आणि ते बायकोने ऐकलं. पुढचा अर्धा तास आमच्या सोफ्यावर लंडनइतकीच थंडी होती.

पत्त्यांचा सीन आला तसे बाबा एकदम जागे. चौघा दोस्तांनी मिळून एक लाख पौंड जमवलेले, त्यातला एडी ते घेऊन हॅचेट हॅरी नावाच्या गुंडाच्या टेबलावर बसतो, खेळ थ्री कार्ड ब्रॅग. "ही तर तीन पत्ती!" मी म्हटलं, उलटं आहे बाबा, आपली तीन पत्तीच ह्या ब्रॅगवरून आलीय, इंग्रजांकडून. "काहीतरी सांगू नको, माझे आजोबा गणपतीच्या जागरणाला खेळायचे." हॅरी छुप्या कॅमेऱ्याने एडीची पानं बघून घेतोय, चाल वाढत चाललीये, हॅरी वर कर्ज देतोय आणि बाबा खुर्चीच्या टोकावर येऊन त्या गोऱ्या पोराला ओरडतायत, "पॅक कर रे गाढवा, पॅक कर!" गाढवाने केलं नाही. पाच लाख पौंड डोक्यावर, आठवड्याची मुदत. एडीचा बाप झालेला गायक स्टिंग, त्याच्या बारवर हॅरीचा डोळा. आईला वाईट वाटलं ते स्टिंगचं. "बापाची कमाई घालवली मेल्याने."

आईला आवडला फक्त बिग ख्रिस. व्हिनी जोन्स, मूळचा फुटबॉलवाला, विम्बल्डनने १९८८ चा एफए कप जिंकला त्या टीममधला धसमुसळा. हा वसुलीला जाताना लहान पोराला बरोबर नेतो, माणसं बदडतो, पण पोरासमोर कोणी शिवी दिली तर खपवून घेत नाही. "संस्कार आहेत हो," आई म्हणाली. पुढे तो एकाचं डोकं गाडीच्या दारात चेचतो, त्याचंही तिला काही वाटलं नाही, कारण त्या माणसाने पोराच्या गळ्याला सुरा लावला होता.

मेव्हणे मात्र मोबाइलवर रिव्ह्यू वाचत बसलेले. "अमेरिकेतला मोठा समीक्षक रॉजर एबर्ट, त्याने तीनच स्टार दिलेत." म्हटलं, चारपैकी तीन! "आणि ह्याच्या पुढच्या 'स्नॅच'ला दोन." ते मला लागलं, कारण खरं होतं, तोच पिक्चर रिचीने जास्त पैशात परत काढला होता. पण पहिल्या वेळी उच्चार कळत नाहीत अशी ओरड झाली, तर पठ्ठ्याने दुसऱ्या वेळी ब्रॅड पिटला असं बोलायला लावलं की पिक्चरमधल्या माणसांनाही कळू नये. तक्रारीवर असा इलाज मी फक्त सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाहिलाय. "टॅरँटिनोची नक्कल म्हणतायत लोक," मेव्हणे. मी शेवटचं पान टाकलं, बाफ्टाचं, म्हणजे ब्रिटिश ऑस्करचं, ऑडियन्स अवॉर्ड मिळालंय, पब्लिकने मतं देऊन. मेव्हण्यांनी मान हलवली. "म्हणजे उत्तेजनार्थ."

आणि मग, पाऊण पिक्चर झाल्यावर, ते एकदम उठून बसले. "अरे, हा तर 'फिर हेरा फेरी'! शेजारच्या चोरांना लुटतात, त्या जुन्या बंदुका... ह्यांनी आपला ढापला!" मी सांगतोय की हा १९९८ चा, तो २००६ चा, ढापला असेल तर कोणी ते बघा. ऐकतंय कोण. बाबूराव गणपतराव आपटे म्हणजे घरचा माणूस, त्याच्यावर आळ घेणारा मीच घरभेदी ठरलो. "आता राजू पुलावरून लटकतो बघा," मेव्हण्यांनी जाहीर केलं, आणि लटकला. राजू नाही, त्या चौघांतला टॉम. बंदुका खाली नदीत पडायच्या बेतात, तोंडात वाजणारा मोबाइल, आणि चित्र थांबलं.

"पुढे?" आई.

"संपला."

"अरे पण बंदुका पडल्या का नाही?"

"ते आपण ठरवायचं."

आई काही न बोलता उठली, भांडी आवरली, झोपायला गेली. इतका वाईट रिव्ह्यू एबर्टनेही कोणाला दिला नसेल.

मी टीव्ही बंद करतोय तर बाबा कपाटातून पत्ते घेऊन आले. "बस खाली. त्या पोराचं कुठे चुकलं ते दाखवतो." मेव्हणेही बसले. पाच रुपये बूट. पावणेदोनला माझ्याकडे राण्यांची जोडी, बाबा दाबून चाल खेळतायत, चेहरा हॅचेट हॅरीसारखा दगड, माझे एकशे ऐंशी रुपये आत गेलेले, मी पाकिटातून शंभरची नोट काढली आणि आतल्या खोलीतून, अंधारातून, आईचा आवाज आला.

"पॅक कर रे गाढवा!"