व्हायरल झालं होतं

दोन वर्षांपूर्वी मी अचानक आठवडाभर रजेवर गेले होते. अंबडच्या ऑफिसात सगळ्यांना सांगितलं होतं, व्हायरल झालंय. व्हायरल वगैरे काही नव्हतं. मला दिवस गेले होते आणि ते राहिलं नाही.

पहिल्या सोनोग्राफीत गर्भ ४ मिलिमीटरचा दिसला, ठोके नव्हते. ७ मिलिमीटरच्या आत असेल तर एवढ्यावरून निकाल देत नाहीत, दहा दिवसांनी या, असं डॉक्टर म्हणाल्या. ते दहा दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. दुसऱ्या वेळी ८ मिलिमीटर. ठोके नाहीतच. मॅडमनी स्क्रीन माझ्याकडून हळूच पलीकडे वळवली, तेव्हाच कळलं. बाहेर बाकावर सात-आठ महिन्यांच्या पोटुशा बायका बसलेल्या, त्यांच्यामधून वाट काढत बिलाच्या खिडकीशी गेले.

घरी आल्यावर चौकशी सुरू. पपई खाल्लीस का? दिंडोरीला माहेरी द्राक्षांचे क्रेट उचललेस का? गंगापूर रोडचे खड्डे आणि तुझी स्कूटी, सांगत होते मी! (खड्ड्यांबद्दल माझंही मत वाईटच आहे, पण हे पाप त्यांचं नाही.) सासूबाईंच्या मनात वाईट काही नव्हतं. पण "काय केलंस?" हा प्रश्न मायेने विचारला तरी टोचतोच.

मी काहीही केलं नव्हतं. समजलेल्या गरोदरपणांपैकी शंभरात दहा ते वीस असे संपतात, बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांतच. त्यातल्या निम्म्यांच्या आसपास गुणसूत्रांची जुळणीच चुकलेली असते. बीज एकत्र येतानाच कमी-जास्त होतं आणि गर्भ पुढे वाढू शकत नाही. स्कूटी तेव्हा पार्किंगमध्ये असते हो! एकदा असं झालं म्हणून पुढच्या वेळी होईलच असंही नाही. बहुतेकींचं नंतरचं बाळंतपण नीट होतं.

पुढे काय करायचं, हेही मला दवाखान्यातच कळलं. आपोआप होण्याची वाट बघा, गोळ्या घ्या, नाहीतर पिशवी साफ करून घ्या. मी गोळ्या घेतल्या. "पाळीसारखंच असतं" असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, पाळीपेक्षा पुष्कळ जास्त दुखतं. तासाला दोन पॅड भिजायला लागले आणि दोन तास तसंच चाललं, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. ताप आला तरी तेच.

आणि मुख्य रागाची गोष्ट. "तीन महिने कुणाला सांगायचं नाही, दृष्ट लागते." म्हणजे ज्या तीन महिन्यांत हे होण्याची शक्यता सगळ्यात जास्त, त्याच तीन महिन्यांत बाईने तोंड शिवून बसायचं. गर्भपातानंतर सहा आठवड्यांची भरपगारी रजा १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासूनच आहे. मला ते नंतर समजलं. पण समजलं असतं तरी काय? त्यासाठी डॉक्टरांचा दाखला द्यावा लागतो, म्हणजे सांगावं लागतं.

मी सोमवारी कामावर हजर. रक्त जात होतंच. शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी माझ्यासाठी घरून गुळवेलीचा काढा आणला, व्हायरलचा अशक्तपणा जावा म्हणून. स्टीलच्या छोट्या बाटलीत, रोज गरम करून.

चार दिवस मी तो काढा प्यायले.