‘द लो एंड थिअरी’त ट्राइबचं स्वतःचं काय? पुष्कळ काही

अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या अमेरिकन हिपहॉप गटाच्या ‘द लो एंड थिअरी’ या अल्बमबद्दल (१९९१) एक मत वारंवार शेअर होतं: यात त्यांचं स्वतःचं काही नाही. जुन्या जॅझ रेकॉर्ड्समधले तुकडे उचलले, वर गप्पा मारल्या आणि जॅझच्या पुण्याईवर अल्बम मोठा ठरला. शिवाय नुसताच गोड, सांगण्यासारखं काही नाही. अल्बम नीट कान देऊन ऐकला तर यातलं काहीच टिकत नाही.

आधी उचलेगिरीचा आरोप. पहिलंच गाणं घ्या, ‘एक्सकर्शन्स’. त्यातला बेस जॅझ ड्रमर आर्ट ब्लेकी आणि त्याच्या जॅझ मेसेंजर्स या बँडच्या ‘अ चँट फॉर बू’चा आहे. पण मूळ रचना तीनच्या लयीत आहे आणि ट्राइबचं गाणं चारच्या. तुकडा होता तसाच फिरवत ठेवला असता, तर ड्रम्सशी त्याचा मेळच बसला नसता. गटातला रॅपर क्यू-टिप याने ती ओळ वाढवून चारांत बसवली. दादऱ्यातली चीज केरव्यात आणायची तर कुठे ओढायचं, कुठे थांबायचं हे सगळं नव्याने ठरवावं लागतं. हे काम त्याच जातीचं. आणि मांडणी बघा! सुरुवातीला फक्त बेस. क्यू-टिप त्या एकट्या बेसवर रॅप सुरू करतो आणि ड्रम्स बऱ्याच ओळींनंतर येतात. तोवर बेसचा प्रत्येक सूर कानात पक्का बसलेला असतो. याला रचना म्हणायचं नाही, तर कशाला म्हणायचं? (मूळ वादकांना त्यांचे पैसे मिळायलाच हवेत. तो मुद्दा रास्त आहे, पण वेगळा आहे.)

बरं, सगळंच सॅम्पल, म्हणजे जुन्या रेकॉर्डमधून घेतलेला तुकडा, आहे असंही नाही. ‘व्हर्सेस फ्रॉम द ॲब्स्ट्रॅक्ट’मध्ये डबल बेस वाजवलाय रॉन कार्टर यांनी. साठच्या दशकात जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या पाच जणांच्या बँडमध्ये वाजवणारे तेच कार्टर.

जॅझ केवळ प्रतिष्ठेसाठी चिकटवला, हेही खोटं. ‘एक्सकर्शन्स’च्या सुरुवातीलाच क्यू-टिप सांगतो की हिपहॉप ऐकून वडिलांना बीबॉपची, म्हणजे चाळिशीच्या दशकातल्या जॅझच्या एका शैलीची, आठवण व्हायची. हे संगीत त्याच्या घरातलं होतं. स्टेटसासॉनिक या हिपहॉप बँडने तर १९८८ मध्येच ‘टॉकिन ऑल दॅट जॅझ’मधून सॅम्पलिंगवरच्या टीकेला उत्तर दिलं होतं. म्हणजे आज फिरणारा आक्षेप या अल्बमहूनही जुना आहे.

राहिला ‘सांगण्यासारखं काही नाही’ हा शेरा. ‘द इन्फेमस डेट रेप’चा विषय नावातच आहे. ‘रॅप प्रमोटर’ आणि ‘शो बिझनेस’ ही गाणी संगीताच्या धंद्यातली फसवणूक उघड करतात. हा निष्कलंक लोकांचा अल्बम आहे, असं मी म्हणणार नाही. ‘शो बिझनेस’च्या जागी आधी समलैंगिकांची हेटाळणी करणारं गाणं होतं, कंपनीने ते नाकारल्यावर नवे शब्द लिहिले गेले. पण विषयच नाहीत, हे म्हणणं न ऐकता केलेलं आहे.

आणि गोड? गटातला दुसरा रॅपर फाइफ डॉग, त्याला विसरलात की काय? गटाच्या पहिल्या अल्बममध्ये तो जेमतेम दिसतो. इथे ‘बगिन आउट’ची सुरुवातच तो करतो, ठसक्यात, आपल्या बुटकेपणाचा डंका पिटत. ‘बटर’ जवळजवळ एकट्याच्या बळावर पेलतो. आणि शेवटच्या ‘सिनारिओ’त लीडर्स ऑफ द न्यू स्कूल या दुसऱ्या गटाचा रॅपर बस्टा ऱ्हाइम्स अक्षरशः गर्जना करतो. तेवढं एक गाणं मोठ्या आवाजात लावा आणि मग ‘गोड’ म्हणून दाखवा.