आमच्या पानात सुरमई का नव्हती : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया वाचली आणि कमेंटच्या त्या छोट्याशा चौकटीत उत्तर मावेना, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते, मागच्या लेखात मी लहानपणीच्या घरच्या जेवणाबद्दल लिहिलं होतं, पेज, कुळथाची पिठी, खारा बांगडा, फणसाची भाजी वगैरे. त्यावर दादांचं म्हणणं असं की हे मालवणी जेवण नव्हेच. सुरमई नाही, पापलेट नाही, वडे-सागोती नाही, नारळसुद्धा बेताने वापरलेला, असं लिहून तुम्ही कोकण म्हणजे दारिद्र्य असं चित्र उभं करताय, बाहेरचे लोक वाचून काय म्हणतील. त्यांच्या मालवणच्या घरी रोज ताजे मासे असायचे असंही त्यांनी लिहिलंय.

असणारच की. बंदराजवळचं घर तुमचं. पण दादा, सिंधुदुर्गात तालुके आठ, त्यातल्या देवगड, मालवण आणि वेंगुर्ला ह्या तिघांनाच समुद्र आहे. कणकवली, कुडाळ, सावंतवाडी, दोडामार्ग, वैभववाडी हे पाचही आतले. आमचं गाव कुडाळ तालुक्यातलं, आमच्याकडे मासे यायचे ते सकाळच्या एसटीतून उतरणाऱ्या मासेवालीच्या पाटीतून, आणि ती खालच्या वाडीपासून विकत विकत आमच्या वरच्या वाडीत पोचेपर्यंत पाटीत उरलेले असायचे पेडवे (छोटे तारलीसारखे मासे), बांगडे, सुंगटांचे म्हणजे कोळंबीचे दोनचार वाटे, नशीब असलं तर मोरीचा (छोट्या शार्कचा) तुकडा. मोठी सुरमई, पापलेट बंदरावरूनच बर्फात भरून मुंबईच्या नाहीतर गोव्याच्या वाटेला लागायची, आमच्या वाडीत ती आलेली मला आठवत नाही. मग लेखात मी ती कुठून आणू?

आणि पावसाळ्याचं काय? आता यांत्रिक होड्यांना 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, पण सरकारी बंदीचा कागद येण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे पाऊस लागला की होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारून ठेवायचे आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय समुद्रात जायचं नाही ही रीत होतीच. त्या दिवसांत तुमच्या मालवणातही चुलीवर सुकंच, म्हणजे सुकी मासळीच शिजत असणार, आईला विचारून बघा. खाडीतले मासे, चढणीचे मासे, कुर्ल्या मिळायच्या, नाही असं नाही, पण ते हाती लागेल त्या दिवशी. रोजच्या भातावर काय, हा प्रश्न मे महिन्यातच सोडवून ठेवावा लागायचा.

म्हणूनच आमच्या घरात मे महिना म्हणजे आगोटीची, पावसाळ्याच्या बेगमीची धांदल. एकीकडे आंबे उतरवलेले असायचे, एकीकडे खळ्यात सुपांत, चटयांवर, जुन्या लुगड्यांवर काही ना काही वाळत पडलेलं. रातांबे (कोकमाची फळं) फोडून सालं वेगळी काढायची, मीठ घातलेल्या त्यांच्याच रसात बुडवायची, उन्हात टाकायची, संध्याकाळी परत रसात, असं ती काळीभोर होईपर्यंत चालायचं, तेव्हा कुठे वर्षाची आमसुलं बरणीत जायची. आठळ्या मातीत लोळवून कोपऱ्यात ठेवायच्या म्हणजे टिकतात. गोलमा (सुका जवळा), सुकी सुंगटं, खारे बांगडे, साठं, फणसपोळी, कुळीथ भाजून भरडून ठेवलेले. आम्हा पोरांचं काम कावळे हाकायचं आणि आभाळ भरून आलं की ओरडत सगळं आत ओढायचं. ह्या सगळ्यात इतकी अक्कल आणि इतकी मेहनत आहे दादा, की त्याला कुणी नुसतं गरिबांचं खाणं म्हटलं की मला खरंच राग येतो.

आता पेजेबद्दल. तुम्ही लिहिलंय "पेज काय, ती आजारी माणसाला देतात". आमच्याकडे ती शेतात राबणाऱ्या माणसाला द्यायचे. भात आधी उकडून, वाळवून मग कांडलेला असतो म्हणून तो तांदूळ उकडा, जाड, लालसर, आणि त्याची पेज प्यायलेला माणूस चिखलात नांगर धरून दुपारपर्यंत उभा राहू शकतो. पहाटे उठून काम धरलेली माणसं दहा-अकराला पडवीत येऊन बसायची. फणसाचं पान दुमडून त्याला माडाच्या हिराची काडी टोचली की झाला चमचा. आजी चुलीतले निखारे पुढे ओढून त्यावर खारा बांगडा टाकायची, तो चरचरत काळा पडला की चिमट्याने उचलून पाट्याच्या कडेवर आपटायची, राख झटकायची, मग बोटांनी काट्याच्या बाजूने दोन फाका करायची आणि त्यावर कच्चा कांदा नि खोबरेल तेलाचा एक थेंब. एका बांगड्याचे आम्ही सगळी भावंडं वाटेकरी. मी हमखास म्हणायचे, "आजी, माका आनी होयो", आणि तिचं उत्तर ठरलेलं, "तो चवीक, पोटाक पेज." वाट्याला आलेला तो नखाएवढा तुकडा मी पेजेच्या शेवटच्या घोटापर्यंत पुरवायचे. त्या चवीसाठी आजही मी कुडाळच्या आठवडा बाजारातून सुकं आणते, घरभर वास सुटतो, सुटू दे.

नारळाचं म्हणाल तर तेही तसंच. माड दारात असले म्हणजे नारळ फुकट होत नाही. नारळ पाडणाऱ्या पाडेलीला पैसे लागायचे, निम्मे नारळ विकून मीठमिरची, पोरांच्या वह्या यायच्या, त्यामुळे रोजच्या कालवणाला एक कवड, म्हणजे अर्धा नारळ, बस्स. पण त्या कवडीतलं वाया काही जायचं नाही. बांगड्याचा तिखला (तिखट कालवण) असला की आई पाट्यावर मिरच्या, धणे आणि चव, म्हणजे खवलेला नारळ, गंधासारखा वाटायची, आमसुलं आणि तिरफळं वेगळी, तिरफळं नुसती ठेचून आतली काळी बी काढून टाकून, कारण वाटली की कडू होतात. आणि वाटप टोपात गेलं की पाटा धुतलेलं पाणीही टोपात. आता मिक्सरच्या भांड्यात पाणी फिरवून मी तेच करते. (तिरफळं सागोतीत घालत नाहीत हे तुमचं अगदी बरोबर, पण मी लिहिलं होतं ते बांगड्याबद्दलच, परत बघा.)

दारिद्र्य हा तुमचा शब्द मला टोचला, पण मी तो टाळणार नाही. पैसा कमी होता, खरंच कमी होता. काका मुंबईत गिरणीत होते, त्यांच्या मनीऑर्डरवर घराचा वरखर्च चालायचा. 1982 च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मनीऑर्डर यायची थांबली, पुढे काका, काकी आणि त्यांची मुलं गावीच आली. खाणारी तोंडं वाढली आणि पैसा आटला. तेव्हा घर तरलं ते कणगीतल्या भातावर, कुळथावर आणि आजीच्या त्या आगोटीच्या बरण्यांवर. पिठी जरा पातळ झाली, पण काकाच्या पानात वाढताना कुणाचा हात आखडला नाही. बायका मात्र सगळ्यांच्या मागून जेवायच्या, तळाला उरेल ते, आणि ते मला तेव्हाही पटत नव्हतं. हे सगळं मी लपवू का? बाहेरच्यांना बरं दिसावं म्हणून? ज्या अन्नाने माझं घर वाकू दिलं नाही त्याचं नाव घ्यायची मला लाज वाटत नाही.

हॉटेलातल्या थाळीशी माझं भांडण नाही हो. सुरमईचा तुकडा, भडक गुलाबी सोलकढी, वडे, त्यावर आपल्याच पोरांची पोटं चालतात, चालू देत. पण वडे-सागोती आमच्याकडे मिरगाच्या (मृग नक्षत्राच्या) कोंबड्याला, गटारीला, पाहुणे आले तर, अशी व्हायची आणि म्हणूनच तिची वाट बघितली जायची. पर्यटकाला सणाचं जेवण वाढतात, ते योग्यच आहे, पण तो त्यालाच आपलं रोजचं समजून जातो. आणि काही वर्षांनी आपली मुलंही तसंच समजतील, माझ्या भाच्याला कुळथाची पिठी माहीतच नव्हती, मुलगा सावंतवाडीत वाढलाय! नाचणीचं आता कौतुक होतंय, 2023 हे तर आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, चांगलंच झालं, पण मला पिठी पौष्टिक आहे म्हणून आवडत नाही, लसणीच्या फोडणीवर ती रटरटायला लागली की भूक लागते म्हणून आवडते.

तुमच्या प्रतिक्रियेतली एक ओळ मात्र मी जपून ठेवलीय, तुमची आई पेडवे हळदीच्या पानात गुंडाळून निखाऱ्यावर भाजायची ती. हळदीची पानं म्हणजे श्रावण-भाद्रपद, म्हणजे नारळी पौर्णिमेनंतरचे पहिले पेडवे असणार ना? आमच्याकडे पानात पातोळे व्हायचे, मासे कधी नाही. त्यात आंबटाला आमसुलं घालायची की आगळ (रातांब्याचा खारवलेला रस), आणि पान एकेरी की दुहेरी, एवढं आईंना विचारून नक्की कळवा. पुढच्या महिन्यात परसातली हळद पानाला येईल, मला करून बघायचेत.