‘बाटलीवर सॉस लिहिलं की २१०३’ म्हणे!

माझा मावसभाऊ पुण्यात परदेशी खाण्याच्या सामानाचं दुकान काढतोय, टर्कीहून भाजीचे स्प्रेड, इटलीहून पेस्टो असलं काय काय मागवायचंय त्याला. काल रात्री त्याने एक फॉरवर्ड पाठवला आणि वर लिहिलं, “दादा, तू उगाच घाबरवत होतास, बघ किती सोपं आहे.” इम्पोर्टवाल्यांच्या ग्रुपवर असाल तर तुम्हालाही आला असेलच. ‘सॉस-स्प्रेड मागवताय? सीएचएला (कस्टम्सची कागदपत्रं करणाऱ्या एजंटला) पैसे कशाला देता?’ असं ठळक अक्षरात, आणि खाली पाच मुद्दे. मी न्हावा शेवा बंदराच्या कस्टम्स कागदपत्रांतच दिवस काढतो, त्यामुळे वाचून डोकंच फिरलं. त्याला एकट्याला समजावण्यापेक्षा इथेच लिहितो.

मुद्दा पहिला, आणि सगळ्यात अचाट. बाटलीवर ‘सॉस’ असेल तर २१०३, ‘स्प्रेड’ असेल तर २००५, संपला विषय. (हे कस्टम्सचे कोड, त्यांवर ड्यूटी ठरते: २१०३ सॉसचा, २००५ व्हिनेगरशिवाय टिकवलेल्या भाज्यांचा. पहिले दोन आकडे म्हणजे चॅप्टर, चार म्हणजे हेडिंग, सहा म्हणजे सबहेडिंग.) अरे बाबा, कस्टम्स टॅरिफ नावावर चालत असतं तर सगळ्या जगाने लेबलं बदलून ड्यूटी ठरवली असती! ‘स्प्रेड’चंच घ्या. पीनट बटर ब्रेडवर लावतात, ते जातं २००८ मध्ये. कोको असलेलं हेझलनट स्प्रेड जातं १८०६ मध्ये. ‘डेअरी स्प्रेड’ नावाचं खरंखुरं सबहेडिंग आहे, ०४०५ २०, पण त्यात फॅट फक्त दुधाचंच लागतं आणि तेही ३९ टक्के किंवा जास्त पण ८० पेक्षा कमी. म्हणजे एकच नाव आणि तीन वेगळे चॅप्टर, भाजीचं स्प्रेड तर अजून आलंच नाही.

कोड ठरतो हेडिंगच्या शब्दांवर आणि सेक्शन-चॅप्टरच्या नोट्सवर, हा कोड ठरवण्याचा पहिलाच जनरल रूल आहे. सॉसचं हेडिंग म्हणजे काय हे एचएसच्या (जगभर चालणाऱ्या या कोड-पद्धतीच्या) एक्स्प्लनेटरी नोट्समध्ये स्वच्छ लिहिलंय, आणि या नोट्स मार्गदर्शक धराव्यात असं आपल्या सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये वुडक्राफ्ट प्रॉडक्ट्सच्या केसमध्ये सांगितलंय. २१०३ ची नोट म्हणते की भाजी किंवा फळांपासून केलेले, मुख्यतः पातळ, इमल्शन किंवा सस्पेन्शन स्वरूपातले पदार्थ, मधे तुकडे दिसत असले तरी, इथे येऊ शकतात. पण चॅप्टर २० च्या भाज्यांपेक्षा त्यांचा फरक काय? ते सॉस म्हणून वापरतात, म्हणजे दुसऱ्या पदार्थासोबत किंवा दुसरा पदार्थ करायला, नुसते खायला नाही. सगळा झगडा या एका वाक्यावर आहे.

आता भावाने पाठवलेला बरणीचा फोटो बघा. मागचं लेबल: भाजलेली लाल ढोबळी मिरची, वांगं, सूर्यफूल तेल, मीठ, सायट्रिक ॲसिड. पुढे मोठ्या अक्षरात ‘सॉस’. माल इतका घट्ट की चमचा उभा राहील, आणि सप्लायरच्याच कॅटलॉगमध्ये लिहिलंय की ब्रेडवर जाड थर लावून खा. असल्या मालाला २००५ चं पारडं जड आहे असं माझं मत, आणि रेसिपीत व्हिनेगर घालून टिकवलेलं निघालं तर २००१ सुद्धा तपासावं लागेल. पेस्टो मात्र पास्त्यात कालवायचा, तो २१०३ कडे झुकतो. अमेरिकेत टोमॅटोच्या टिनांवरून असाच वाद १९९८ मध्ये फेडरल सर्किट कोर्टात गेला होता, ऑर्लँडो फूडची केस. कस्टम्स म्हणे २००२ चे टोमॅटो, इम्पोर्टर म्हणे सॉससाठीची तयारी. कोर्टाने इम्पोर्टरचं उचलून धरलं, कारण ‘सॉससाठीची तयारी’ हे वर्णन जास्त नेमकं ठरलं. आत काय आहे आणि ते कशासाठी आहे हे कोर्टात बघितलं जातं, तुमचा डिझायनर लेबलवर काय लिहितो ते नाही.

दुसरा मुद्दा, सप्लायरचा कोड जसाच्या तसा उतरवा. पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, एवढं खरं. पण टर्कीचा कोड बारा आकडी, आपला आठ आकडी, आणि सप्लायरने सहा आकडेच चुकीचे टाकले असतील तर? बिल ऑफ एंट्रीवर, म्हणजे कस्टम्सला द्यायच्या आयातीच्या कागदावर, जबाबदारी तुमची, त्याची नाही.

तिसरा: २००५ आणि २१०३ दोन्हीवर बेसिक ड्यूटी ३० टक्केच, मग कोड कुठला का असेना. बरं, आकडा बरोबर आहे, मान्य. पण थायलंडहून आसियान (आग्नेय आशियाई देशांच्या) करारात कमी ड्यूटीने माल आणला तर तो तिथेच बनला का, हा ओरिजिनचा नियम कच्च्या मालापासून सबहेडिंग बदललं का यावरही तपासतात, तिथे कोड चुकला की सवलत अडकली.

आणि चौथा तर याच्या उलटा: कळत नसेल तर २१०६ ९० मध्ये ‘इतर’ टाका, सेफ असतं. डोंबलाचं सेफ! २०१८ च्या बजेटमध्ये २१०६ ९० वरची बेसिक ड्यूटी ३० वरून ५० टक्के झाली. लाखाच्या मालावर सरचार्ज-आयजीएसटी सोडून वीस हजार जास्त, ते पण स्वतःच्या हाताने.

पाचव्याने खरी वाट लागेल. ‘एकदा माल सुटला की कोणी विचारत नाही.’ विचारतात! २०११ पासून सेल्फ असेसमेंट आहे, म्हणजे कोड तुम्ही जाहीर करता. कस्टम्स ॲक्टच्या कलम २८ खाली दोन वर्षांपर्यंत नोटीस येऊ शकते, मुद्दाम लपवलं असं ठरलं तर पाच. वर १५ टक्के व्याज, आणि लपवाछपवी सिद्ध झाली तर कलम ११४ए खाली चुकवलेल्या ड्यूटीएवढा दंड. तोवर बरण्या कधीच विकलेल्या असतात आणि भाव जुन्या ड्यूटीवर लावलेला असतो, वसूल कोणाकडून करणार? ‘ग्रुपवर असं आलं होतं’ हे उत्तर नोटिशीला देऊन बघा एकदा.

भावाला सांगितलंय, सप्लायरकडून घटकांची टक्केवारी, प्रोसेस आणि वापर लिहून घे, आणि तरी शंका असेल तर माल मागवायच्या आधी मुंबईत कस्टम्सच्या ॲडव्हान्स रूलिंगसाठी, म्हणजे कोड आधीच ठरवून घेण्यासाठी, अर्ज टाक. कायदा किंवा माल बदलला नाही तर रूलिंग काही वर्षं चालतं, आणि ते तुझ्यावर जसं बंधनकारक तसंच तुझ्या मालापुरतं कस्टम्सवरही. त्यावर त्याचा अजून रिप्लाय नाही.