'एक किलो म्हणजे दहा किलो': हे मोजलं कुणी?

भाच्याने परवा व्हॉट्सॲपवर एक मेसेज ढकलला आणि खाली लिहिलं, "मामा, लोहामंडीतल्या लेथवाल्याशी बोललोय, रविवारी फ्लायव्हील उतरवतो." गाडी जुनी मारुती एस्टीम, आणि फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या टोकाला फिरणारी जड चकती. मेसेज असा: ड्रॅग रेसमध्ये (सरळ रस्त्यावरच्या वेगाच्या शर्यतीत) फिरणारं 1 किलो वजन काढलं की 10 किलो काढल्याचा फायदा, म्हणून फ्लायव्हील तासा, त्याला भोकं पाडा, मागच्या चाकांना फिरवणारा प्रॉपेलर शाफ्ट ॲल्युमिनियमचा टाका, क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) टोकाची पुली हलकी बसवा, गिअर ऑइल अर्धंच भरा. इंदुरातली अर्धी पोरं हेच वाचून पाने-पक्कड घेऊन बसलीत.

शाफ्टचं आधी उरकतो. एस्टीम पुढच्या चाकांवर चालते, तिला प्रॉपेलर शाफ्टच नाही! लिहिणाऱ्याने गाडीखाली कधी वाकून तरी पाहिलंय का?

आता ते दहापट. चाकाच्या अगदी बाहेरच्या कडेचं, म्हणजे टायरचं 1 किलो कमी केलंत तर फायदा फार तर 2 किलोंचा. त्याहून जास्त होऊच शकत नाही. फ्लायव्हीलचा हिशोब मात्र वेगळा, तिथे गिअरच्या गुणोत्तराचा वर्ग लागतो. समजा पहिल्या गिअरला एकूण गुणोत्तर 14 (चाकाच्या एका फेऱ्यात इंजिनाचे 14 फेरे), टायरची त्रिज्या 28 सेंमी आणि माल काढला केंद्रापासून 10 सेंमीवर. मग 1 किलोचे 26 होतात. म्हणजे मेसेजवाला इथे कमीच बोलला, हे मान्य करावं लागतं. पण चौथ्या गिअरला तेच 3 किलोंवर येतं. शिवाय स्टार्टला क्लच सोडताना फ्लायव्हीलमध्ये साठलेली ऊर्जाच गाडीला ढकलते. 1300 सीसीच्या इंजिनाचं फ्लायव्हील फार हलकं केलं तर आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) बसतो आणि गाडी जागीच कण्हते.

हे सगळं एकवेळ चालेल. भोकं चालणार नाहीत. फ्लायव्हील बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं असेल तर लक्षात घ्या, बीड दाब सोसतं, ताण नाही. 24 सेंमी व्यासाच्या चकतीची कड 7000 आरपीएमला ताशी 300 किमीच्या वर धावते, आणि ताण आरपीएमच्या वर्गाने वाढतो. भोकाच्या कडेला तो आणखी दुप्पट-तिप्पट. त्यात क्लचच्या उष्णतेने पडलेल्या केसासारख्या भेगा. हे फुटतं तेव्हा तुकडे बेलहाउसिंग (क्लचभोवतीचं आवरण) फोडून आत येतात, आणि तिथे चालवणाऱ्याचे पाय असतात.

8 मार्च 1970 ला कॅलिफोर्नियातल्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर ड्रॅग रेसर डॉन गार्लिट्सच्या गाडीचा गिअरबॉक्स शर्यत सुटतानाच फुटला. गाडीचे दोन तुकडे झाले, त्याच्या उजव्या पावलाचा पुढचा भाग गेला. त्यानंतर या माणसाने इंजिनच चालकाच्या पाठीमागे नेलं. अमेरिकेतल्या एनएचआरए या ड्रॅग रेसिंग संस्थेच्या नियमात पाव मैल 11.49 सेकंदांत किंवा त्याहून लवकर कापणाऱ्या क्लचच्या गाडीला एसएफआय (रेसिंगच्या भागांची सुरक्षा मानकं ठरवणारी संस्था) प्रमाणित फ्लायव्हील आणि त्याभोवती कवच सक्तीचं आहे. "आपली एस्टीम कुठे 11 सेकंदांत जाते, मामा?" नाही जात. पण बीड घड्याळ बघून फुटत नाही, आरपीएम बघून फुटतं.

पुलीत रबराचा डॅम्पर असेल तर ती काढू नका, क्रँकची थरथर तीच गिळते. गिअर ऑइलबद्दल काय बोलायचं? वाचलेल्या किलोभर वजनापायी बेअरिंगं जाळायची असतील तर खुशाल अर्धं भरा. वजनच काढायचंय ना? डिकीतली स्टेपनी आणि मागची सीट काढ, लेथवाल्याला एक पैसा द्यावा लागणार नाही. हलकंच फ्लायव्हील हवं असेल तर घडीव पोलादाचं, बॅलन्स केलेलं, प्रमाणित विकत घे. बिडाचं मूळ फ्लायव्हील घेऊन लोहामंडीत जायचं नाही.