काका, ती गप्प उभी होती. ‘हो’ म्हणाली नव्हती

रविवारी सकाळी आमच्या घरच्या ग्रुपवर मोठ्या काकांनी एक लांबलचक मजकूर टाकला. वर स्वतःची ओळ: ‘होस्टेलला जाणाऱ्या मुलींनी जरूर वाचावे.’ आमच्याकडून होस्टेलला जाणारी मुलगी एकच, माझी भाची. तिचा मला वेगळा मेसेज आला, ‘मावशी, हे खरंय का गं?’ काकांना फोन केला तर म्हणाले, ‘मला आलं तसं पुढे पाठवलं.’

तुम्हालाही आला असेल हा मजकूर. १९७४ साली एका बाईने ‘इतिहासात प्रथमच’ असा ‘मानसशास्त्रीय प्रयोग’ केला. सहा तास पुतळ्यासारखी उभी राहिली, काहीही करायची लेखी परवानगी दिली. जमावाने कपडे फाडले, बलात्कार केला, एकही बाई मध्ये पडली नाही. शेवटी ती चालू लागली तसे सगळे पळाले. यावरून म्हणे सिद्ध झालं, की विरोध नसला तर पुरुष पशू होतो आणि मग दोष त्याचा नसतो. तेव्हा मुलींनो, सावध.

प्रयोगबियोग काही नव्हता. बेलग्रेडची मारिना अब्रामोविच ही कलावंत, परफॉर्मन्स आर्ट करणारी, म्हणजे स्वतःचं शरीरच माध्यम करून लोकांसमोर कला सादर करणारी. इटलीतल्या नेपल्सच्या स्टुडिओ मोरा या गॅलरीत तिने ‘रिदम झीरो’ सादर केलं, रात्री आठ ते दोन. टेबलावर लोकांनी तिच्यावर वापरायच्या ७२ वस्तू: गुलाब, पीस, मध, द्राक्षं, कात्री, पिस्तूल आणि एक गोळी. त्या एका रात्रीवरून ‘मनुष्यस्वभाव’ सिद्ध करायचा, तर तिच्याच त्याच वर्षीच्या बेलग्रेडमधल्या सादरीकरणाची गोष्टही घ्या. चांदणीच्या आकारात पेटवलेल्या आगीच्या आत पडून असताना प्राणवायू संपून ती बेशुद्ध झाली, आणि प्रेक्षकांनीच तिला ओढून बाहेर काढलं. हेही माणसंच होती ना?

जमाव म्हणजे रस्त्यावरचे टगे नव्हेत. तिने आत्मचरित्रात लिहिलंय, की बहुतेक लोक इटलीच्या कलाजगतातले प्रतिष्ठित होते आणि सोबत त्यांच्या बायका. बलात्कार झाला नाही, आणि तो टळला तो त्या बायका तिथे होत्या म्हणून, असं तिचं मत. बाकी जे झालं ते भयानकच. थॉमस मॅकेव्हिली या समीक्षकाने तासागणिक लिहून ठेवलंय: तिसऱ्या तासाला ब्लेडने कपडे उतरवले, चौथ्या तासाला तीच ब्लेडं कातडीवर आली, गळ्यावर चिरून कुणी रक्त चोखलं, अंगाशी चाळे झाले.

‘एकही बाई’ हे अर्धं खरं, मान्य करते. बायका स्वतः फारसं करत नव्हत्या, पुरुषांना सुचवत होत्या, असं तिनेच नोंदवलंय. वाचून मलाही बरं वाटलं नाही. पण तिचे डोळे पुसणारी एक बाई होती. ती मजकुरातून गळलीय.

आता त्या ‘लेखी परवानगी’कडे येते, कारण भाचीच्या डोक्यात जाऊन बसलं असेल तर तेच. कागद होता. ‘मी वस्तू आहे, या वेळेत सगळी जबाबदारी माझी,’ अशा अर्थाचं त्यावर होतं, हे नाकारून चालणार नाही. पण जबाबदारी घेणं म्हणजे ब्लेड चालवणाऱ्याला ‘हो’ म्हणणं नव्हे. टेबलावर पीसही होतं. कात्री उचलायची की पीस, हे ती ठरवत नव्हती.

आणि नेपल्सला आपला कायदा लागू नाही हे मलाही कळतं, पण काका सल्ला देताहेत तो इथल्या होस्टेलसाठी. तर इथला कायदा ऐका. भारतीय न्याय संहितेचं कलम ६३, आणि त्याआधी २०१३ पासून भारतीय दंड संहितेचं ३७५. स्पष्टीकरणात म्हटलंय, की संमती म्हणजे त्या विशिष्ट लैंगिक कृतीसाठी शब्दांनी, हावभावांनी किंवा आणखी कुठल्या प्रकारे दाखवलेली निःसंदिग्ध, स्वखुशीची तयारी. केवळ प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असं धरायचं नाही.

हे वाक्य कायद्यात सहज आलेलं नाही. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. नागपूर खंडपीठाने म्हटलं, भीतीने निमूट राहणं म्हणजे संमती नव्हे. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं: अंगावर खुणा नाहीत, आरडाओरडा नाही, पोलीस सुटले. मग कायद्याच्या चार प्राध्यापकांचं खुलं पत्र, देशभर मोर्चे आणि १९८३ ची दुरुस्ती. वरचं वाक्य आलं ते त्याही नंतर, २०१३ मध्ये. काकांच्या मजकुरातला युक्तिवाद आपल्या विदर्भातल्या एका पोरीवर आधीच वापरून झालाय.

‘इतिहासात प्रथमच’ हेही खोटं. योको ओनो १९६४ मध्येच क्योटोच्या मंचावर कात्री समोर ठेवून बसली होती. लोक येऊन तिचे कपडे कापून नेत होते.

शेवटचा मुद्दा मात्र बरोबर आहे. सहा तास संपले, ती चालत लोकांकडे निघाली आणि सगळे पळाले. पण त्याआधीचं मजकुरात नाही: भरलेलं पिस्तूल तिच्या हातात देऊन एकाने तिच्याच मानेकडे वळवलं, तेव्हा प्रेक्षकांतच हाणामारी झाली आणि त्याला बाहेर काढलं. नंतरचंही नाही: दुसऱ्या दिवशी गॅलरीत फोनवर फोन आले, माफी मागणारे. परवानगी होती तर माफी कसली, काका?

एवढं सगळं ग्रुपवर टाकलंय. काकांनी अंगठ्याचा इमोजी टाकलाय. वाचून की न वाचता, कोण जाणे.