ना घराणं, ना सोडत: काओश्युंगच्या चेन चू

सध्या एक मजकूर फिरतोय: तैवानमध्ये बायका महापौर होतात त्या घराण्याच्या जोरावर किंवा महिला कोट्यातून, आणि दक्षिण तैवानमधल्या काओश्युंग शहराच्या माजी महापौर चेन चू तर तुरुंगवासाच्या सहानुभूतीवर निवडून आल्या.

घराण्याचा मुद्दा पूर्ण खोटा नाही. च्यायी शहरात श्यू शिह-श्येन यांच्यानंतर त्यांच्या दोन मुली महापौर झाल्या. काओश्युंग जिल्ह्यात यू कुटुंबाच्या सुनेने 1985 मध्ये जिल्हाप्रमुखपद जिंकलं. पण चेन चूंचा जन्म 1950 चा, यिलानमधल्या शेतकरी घरातला. विशीच्या आतच त्या विरोधी नेते क्वो यू-शिन यांच्या सचिव झाल्या. ना सासरा राजकारणात, ना नवरा. त्यांनी लग्नच केलं नाही.

कोटा? आपल्याकडे महापौरपदाची सोडत निघते, म्हणून तिथेही निघत असेल असं आपण धरून चालतो. तैवानमध्ये महिलांसाठी राखीव जागा स्थानिक परिषदांत असतात, दर चार जागांमागे एक. महापौरपद सर्वांना खुलं असतं आणि मतदार महापौर थेट निवडतात.

राहिली सहानुभूती. 1979 च्या काओश्युंग प्रकरणात, म्हणजे लोकशाहीवाद्यांच्या मोर्चानंतर झालेल्या धरपकडीत, लष्करी न्यायालयाने त्यांना 12 वर्षांची शिक्षा दिली. 1986 मध्ये त्या सुटल्या. महापौरपदाची निवडणूक जिंकली 2006 मध्ये. वीस वर्षं टिकणारी लाट कोणी पाहिली आहे? मधल्या काळात त्यांनी तायपे आणि काओश्युंगचं समाजकल्याण खातं सांभाळलं, मग केंद्रात कामगार खातं. तेही 2005 मध्ये सोडावं लागलं, कारण काओश्युंगमध्ये थायलंडहून आलेल्या मजुरांचा उद्रेक झाला होता आणि त्याची जबाबदारी त्यांच्या खात्यावर आली. म्हणजे निवडणुकीआधीच्या वर्षी त्यांच्या नावावर जमा होती ती नामुष्की. विजय मिळाला तो अवघ्या 1,114 मतांनी. प्रतिस्पर्धी कोर्टात गेले, जून 2007 मध्ये निवडणूक रद्दही ठरली, आणि नोव्हेंबरमध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला. याला सहानुभूतीची लाट म्हणायचं असेल तर म्हणा बापडे!

लाट म्हणावी अशी मतं मिळाली 2014 च्या महापौर निवडणुकीत: 68 टक्के. तीसुद्धा शहराखालच्या गॅसवाहिनीच्या स्फोटांत 30 हून अधिक माणसं गेल्यानंतर चारच महिन्यांनी, म्हणजे पालिकेवर सडकून टीका चालू असताना.

टीका करायचीच तर जागा आहेत. शहरावरचं कर्ज हा 2018 च्या प्रचारातला मोठा मुद्दा होता. त्या वर्षी चेन चू उमेदवार नव्हत्या, पण त्यांच्या डेमोक्रॅटिक प्रोग्रेसिव्ह पक्षाचा गड विरोधी कुओमिंतांग पक्षाच्या हान क्वो-यू यांनी घेतला. 2020 मध्ये त्याच मतदारांनी मतदान करून हान यांनाही पदावरून हटवलं.